१२०० कॅलरी खाऊनही वजन का उतरत नाही, आणि मग नक्की किती खायचं

साताऱ्याहून एका ताईंनी विचारलंय. वय ३४, उंची १५८ सेंटीमीटर, वजन ७२ किलो, शाळेत शिक्षिका, घरात नवरा, सासूबाई आणि एक मुलगा. मोबाईलमधल्या ॲपने दिवसाला १२०० कॅलरी सांगितल्या, त्या दोन महिने पाळल्या, पहिल्या दोन आठवड्यात ३ किलो गेले आणि नंतर काटा जागचा हलला नाही. आता केस गळतायत, दुपारच्या तासाला चक्कर आल्यासारखं होतं, आणि मैत्रीण म्हणते १००० वर ये, मग उतरेल. तर नक्की किती खायचं, १२०० खाऊनही वजन का अडलंय, आणि संकष्टीच्या उपवासाला काय करायचं, असं सगळं एकदम विचारलंय.

मी सांगलीत आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, आणि अगदी हाच प्रश्न, नाव-गाव बदलून, इतक्यांदा समोर येतो की जरा ऐसपैस लिहिते, वाचायला वेळ लागेल.

ताई, पहिलं म्हणजे १००० चा विचार सोडून द्या. आणि १२०० चाही.

हा १२०० आकडा तुमच्यासाठी काढलेलाच नाहीये. होतं काय, ॲप विचारतं आठवड्याला किती कमी करायचंय, आपण उत्साहात १ किलो दाबतो. एक किलो चरबी म्हणजे ढोबळ ७७०० कॅलरी, म्हणजे आठवड्यात तेवढं घालवायचं तर रोज हजार-अकराशेची तूट पाहिजे. तुमचा रोजचा खर्च ॲपने १६५० धरला, त्यातून १००० वजा केले की उरले ६५०, आणि ६५० सांगायची ॲपची हिंमत नसते म्हणून ते खालच्या मर्यादेला थांबतं, ती मर्यादा म्हणजे १२००. तुमच्या शेजारची ९० किलोची बाई असेल आणि तिनेही १ किलो दाबलं तर तिलाही बहुतेक १२००च येणार. बायकांना १२०० आणि पुरुषांना १५०० च्या खाली डॉक्टरांना न विचारता जाऊ नका असं सर्वसाधारणपणे सांगतात कारण त्याखाली प्रोटीन, लोह, कॅल्शियम बसवणं फार अवघड जातं. म्हणजे ती 'याच्याखाली नको' अशी रेघ आहे, आणि लोक तिलाच ध्येय समजून बसतात. ८०० च्या खालचे आहार तर डॉक्टरांच्या देखरेखीखालीच देतात, ते घरी करायचं कामच नाही.

आता तुमचा आकडा काढू. १९९० पासून एक सूत्र वापरात आहे, मिफ्लिन-सेंट जिऑर नावाचं, आजही बहुतेक ठिकाणी तेच वापरतात. वजनाला १० ने गुणा, उंचीला ६.२५ ने, दोन्हीची बेरीज करा, त्यातून वयाची पाचपट वजा करा, आणि बाई असेल तर आणखी १६१ वजा (पुरुष असेल तर उलट ५ मिळवायचे, नवरा तुमच्यापेक्षा जास्त खाऊन तसाच का राहतो त्याचं अर्धं उत्तर इथेच आहे). तुमचे ७२० अधिक ९८७.५, वजा १७०, वजा १६१, आले साधारण १३७७. एवढ्या कॅलरी दिवसभर नुसतं पडून राहिलात तरी लागतात, हृदय, मेंदू, लिव्हर, किडनी चालवायला. त्यावर हालचालीचा गुणक, अगदी बैठं काम असेल तर १.२, थोडीफार हालचाल असेल तर १.३७५. तुम्ही वर्गात उभ्या राहता, घरकाम आहे, पण बाकी शाळेला स्कूटीवर जाणं, म्हणजे दोन्हीच्या मधे धरू. १६५० ते १८९० च्या मधे, म्हणजे १७५० च्या आसपास.

हाही अंदाजच आहे हां, दहा टक्के इकडेतिकडे सहज असू शकतं. त्यातून ३५० वजा करा म्हणजे १४००. मी तुम्हाला १३५० ते १५०० असा पट्टा देईन, एक आकडा देणार नाही, कारण एक आकडा दिला की माणसं १४१० ला रडतात आणि मग वैतागून २२०० ला जातात.

३५० च्या तुटीने महिन्याला सव्वा-दीड किलो उतरेल. नाक मुरडलंत ना? पण हिशोब करा, सहा महिन्यांत आठ किलो, म्हणजे तुमच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर, आणि पाच ते दहा टक्के उतरलं तरी साखर, बीपी, चरबीचे रिपोर्ट सुधारायला लागतात. तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) आत्ता २८.८ आहे, आपल्या भारतीयांना २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, म्हणजे कमी करायला हवंच, त्यात दुमत नाही. पण पहिलं ध्येय ६५-६६ किलो ठेवा, लग्नातल्या फोटोतलं ५२ नको.

आता खरा प्रश्न, १४०० ला उतरायला पाहिजे तर १२०० ला का नाही उतरलं.

ते पहिले ३ किलो बघा आधी. ३ किलो चरबी म्हणजे २३१०० कॅलरी, १४ दिवसांत, म्हणजे रोज १६५० ची तूट. तुमचा दिवसाचा सगळा खर्चच जेमतेम तेवढा आहे, म्हणजे दोन आठवडे अन्नाचा कण न खाता राहिलात तर कुठे एवढी चरबी जाईल. तुम्ही तर खात होता. मग गेलं काय, तर बरंचसं पाणी. शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेन म्हणून ठेवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी असतं, खाणं अचानक कमी केलं की तो साठा आणि पाणी दोन्ही जातं, मीठही कमी पोटात जातं त्याचंही पाणी जातं. काट्यावर मस्त दिसतं. 'दहा दिवसांत पाच किलो'वाल्या सगळ्या जाहिराती या पाण्यावरच चालतात, असो. तर तुमचं वजन 'अडलं' असं नाहीये, सुरुवातीचा वेगच खोटा होता.

आणि दुसरं, रागावू नका, तुम्ही १२०० खात नव्हता. खोटं बोलताय असं अजिबात म्हणत नाहीये. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये नेमका याच तक्रारीचा अभ्यास झाला होता, १२०० पेक्षा कमी खातो तरी उतरत नाही म्हणणाऱ्या लोकांचा. शरीर खरोखर किती जाळतं ते प्रयोगशाळेतल्या पद्धतींनी मोजलं तर चयापचय नॉर्मल निघालं, पण सांगितलेलं खाणं प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी निघालं. मुद्दाम लपवलेलं नव्हतं हो, मोजण्यातून निसटतं. आणि आपल्या सातारा-सांगलीच्या स्वयंपाकघरात ते कुठे निसटतं ते मला बऱ्यापैकी पाठ झालंय.

पहिलं तेल. कुणालाही विचारा, ताई किती तेल घालता, उत्तर ठरलेलं, 'अगदी कमी'. म्हणून मी ते विचारतच नाही, मी विचारते १५ किलोचा डबा किती दिवस पुरतो. समजा चार माणसांत तीन महिने पुरला. म्हणजे महिन्याला ५ किलो, माणशी सव्वा किलो, म्हणजे दिवसाला ४० ग्रॅमच्या वर, आणि तेल कुठलंही असो, घाण्याचं असो की रिफाइंड, एका ग्रॅमला ९ कॅलरी. झाल्या पावणेचारशे. मुलगा लहान आहे, कमी खातो, मग मोठ्यांच्या वाट्याला त्याहून थोडं जास्तच. आणि तुम्ही ॲपमध्ये काय टाकलं असेल, भाजीला एक चमचा, आमटीला एक चमचा, ९० कॅलरी. इथेच २८०-३०० चा फरक पडला, म्हणजे तुमची जवळजवळ सगळी तूट डब्यातच गेली. माणशी महिन्याला ६०० ग्रॅमवर आणलं तरी दिवसाला १८० कॅलरीच होतात. आणि हे फक्त स्वतःसाठी वेगळं शिजवून करू नका, ते आठ दिवस टिकतं. सगळ्या घराचंच तेल कमी करा, रोज सकाळी दिवसाचं तेल एका वाटीत काढून ठेवायचं, ते संपलं की संपलं, सासूबाईंनाही बीपीची गोळी चालू असेल तर त्यांच्याही भल्याचंच आहे.

मग दाण्याचं कूट. आपल्याकडे ते भाजीत, कोशिंबिरीत, आमटीत, वांग्यात, सगळीकडे पडतं आणि कुणी ते मोजत नाही. पोह्याच्या चमच्याने भरून दोन चमचे घातलं की ८०-१०० कॅलरी. शेंगदाणे चांगलेच आहेत, पण 'प्रोटीनसाठी' म्हणून मूठभर खाता ना, त्यांच्या शंभर ग्रॅममध्ये प्रोटीन २५ आणि तेल जवळजवळ ५० ग्रॅम असतं. तो मुळात तेलाचा दाणा आहे.

भाकरी. ॲपमध्ये 'ज्वारीची भाकरी, १ नग' असं काहीतरी १०० कॅलरीच्या आसपास असतं, ती कुठल्या गावची भाकरी मला माहीत नाही. तव्याएवढी हातावर थापलेली आपली भाकरी ६० ते ७० ग्रॅम पिठाची असते, २०० ते २४० कॅलरी. भाकरी सोडायची गरज मुळीच नाही, पण आठवडाभर पीठ वजन करून मळा, एकूण पिठाला भाकऱ्यांच्या संख्येने भागा, तुमच्या हातची भाकरी किती ग्रॅमची ते कळेल आणि एकदा कळलं की परत मोजावं लागत नाही. तीन-चारशे रुपयांत डिजिटल वजनकाटा मिळतो, ॲपच्या प्रीमियमपेक्षा तो घ्या.

चहा. नुसत्या दुधाचा, तोही म्हशीच्या. अर्धा कप म्हशीचं दूध म्हणजे ७५-८० कॅलरी, दोन चमचे साखर ४०, असे स्टाफरूमसकट दिवसाचे तीन झाले की साडेतीनशे. गूळ घालते असं सांगू नका, गुळाच्या कॅलरी साखरेच्या जवळपास तेवढ्याच, वजन त्याला फसत नाही. आणि भडंग, मुलाच्या ताटातला उरलेला घास, तासगावचे बेदाणे 'हेल्दी' म्हणून मूठभर (तीस ग्रॅमला ९०), शाळेत कुणाचा वाढदिवस असला की कंदी पेढा. यातलं काहीच पाप नाही, फक्त लिहिलं जात नाही.

आणि शनिवार-रविवार. सोमवार ते शुक्रवार तुम्ही खरंच १२०० पाळत असाल, मला तुमच्या चक्करीवरून तसंच वाटतंय. मग शनिवारी मिसळ, रविवारी मटण नाहीतर कुणाची वास्तुशांत. पाच दिवस १२०० आणि दोन दिवस २३००, सरासरी येते १५१४. त्यात न लिहिलेलं तेल मिळवा, झाले अठराशे. म्हणजे तुम्ही तुमच्या खर्चाएवढंच खाताय, वजन स्थिर राहणारच, शरीराचं काही बिघडलेलं नाही. त्रास मात्र पाच दिवस उपाशी राहिल्याचा होतोय, म्हणजे भोगायचं सगळं आणि हाती काही नाही, याच्यासारखा वाईट सौदा नाही.

हे शनिवारचं सुटणं याला लोक मनाचा कमकुवतपणा म्हणतात, मला ते पटत नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर अर्धउपासमारीचा प्रयोग केला होता, सहा महिने, दिवसाला साधारण १५७० कॅलरी आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालणं. ती मुलं लठ्ठ नव्हती आणि स्वतःहून आलेली होती, तरी चिडचिड, उदासी, थंडी वाजणं, केस गळणं, आणि डोक्यात चोवीस तास फक्त खाणं, काहीजण तर पाककृती गोळा करायला लागले. तर ताई, तुम्ही गणिताच्या तासाला वड्याचा विचार करत असाल तर ते साहजिक आहे.

केस आणि चक्कर मात्र गंभीरपणे घ्या. खाणं एकदम कमी केलं की त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळणं हे नेहमी दिसतं, त्यात प्रोटीन आणि लोह कमी पडलेलं असलं की जास्तच. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, थायरॉईडची टीएसएच आणि उपाशीपोटीची साखर एवढं करून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा, केसांच्या तेलावर पैसे घालवण्याआधी. थायरॉईड निघाला तरी सगळ्या वजनाचं खापर त्याच्यावर फोडू नका, त्याच्यामुळे साधारण दोन ते पाच किलोच वाढतात आणि त्यातलं बरंच पाणी असतं. बीपीची किंवा शुगरची गोळी चालू असेल तर हे वाचून उद्यापासून काही सुरू करू नका. विशेषतः इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड नावाची शुगरची गोळी घेणाऱ्याने औषध तेवढंच ठेवून जेवण कमी केलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल, तर कॅलरी कमी करायच्याच नाहीत, तेव्हा उलट जास्त लागतात.

तुमच्यासाठी मी असं करेन. पहिले दोन-तीन आठवडे १४०० सुद्धा नको, १६०० च्या आसपास खा, सातही दिवस सारखं, आणि सगळं वहीत लिहा, तेलासकट. वजन वाढेल अशी भीती वाटेल, थोडं पाणी परत येईल आणि अर्धा-एक किलो वर दिसेल, त्याकडे लक्ष देऊ नका. चक्कर थांबली, झोप सुधारली, रिपोर्ट हातात आले की मग १४००-१४५०.

प्रोटीन रोज ६० ते ७० ग्रॅम बसवा. तूट असताना प्रोटीन कमी पडलं की चरबीबरोबर स्नायूही जातात. शाकाहारी ताटात हे आपोआप होत नाही, ठरवून करावं लागतं. कोरडी मटकी ३० ग्रॅम घेतली तर ७ ग्रॅम, एक अंडं ६, सोयाचे तुकडे ३० ग्रॅम घेतले तर १५, वाटीभर दही ४-५. नुसत्या पातळ आमटीत डाळ किती असते ते तुम्हालाही माहीत आहे.

दिवस साधारण असा पडेल, सकाळी निम्मं पाणी घातलेला एक चमचा साखरेचा चहा, ६० धरा. नाश्त्याला एक चमचा तेलात दोन अंडी आणि एक लहान चपाती, ३००. डब्यात एक भाकरी, वाटीभर घट्ट उसळ, काकडी-कांदा, ताक, साडेचारशे. शाळा सुटल्यावर मूठभर फुटाणे आणि चहा, १७०. रात्री अर्धी भाकरी किंवा थोडा भात, घट्ट वरण, भरपूर भाजी, दही, ४००. झाले १३८०. अंडी चालत नसतील तर मूगडाळीचं धिरडं आणि दही, फार फरक पडत नाही. यात उपाशी राहण्यासारखं काही नाही, पण भाजीची वाटी खरंच मोठी घ्या, दोन फोडी कोबी नव्हे.

चालण्याचं विचारलं नाहीत पण विचाराल. अजिंक्यताऱ्यावर जात असाल तर जरूर जा, गुडघे चांगले असतील तर त्याच्यासारखा व्यायाम नाही, पण मनगटावरचं घड्याळ ५०० जाळल्या म्हणालं तर खाली उतरून तेवढं खाऊ नका. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी अशी सात घड्याळं-पट्टे तपासले, कॅलरीच्या बाबतीत त्यातलं सगळ्यात बरं होतं तेही सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होतं. तुमच्या वजनाला सपाटीवर तासभर झपाझप चाललं की अडीचशेच्या आसपास जातात आणि त्यातल्या सत्तरेक तर बसून राहिला असता तरी गेल्याच असत्या. शिवाय वरच्या गुणकात हालचाल आपण आधीच धरलीये, परत मिळवली की दोनदा धरली. चाला, आठवड्यातून दोन-तीनदा घरच्या घरी उठाबशा, भिंतीला टेकून जोर असलं काही करा स्नायूंसाठी, पण त्याचा जेवणाच्या हिशोबात उल्लेख नको.

वजन रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी करा आणि रोजच्या आकड्याकडे बघू नका, आठवड्याची सरासरी काढा. पाळीच्या आधी एक-दोन किलो वर जातं, आदल्या रात्री पापड-लोणचं झालं तरी जातं, ती चरबी नसते. म्हणून तुलना या पाळीनंतरचा आठवडा आणि पुढच्या पाळीनंतरचा आठवडा अशी करा. सरासरी आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरत असेल तर काहीही बदलू नका, कुणी काहीही सांगू दे. चार आठवडे अजिबात हलली नाही तर आधी लिहिणं तपासा, मग रोजच्या शंभर-दीडशे कमी करा. आणि पाऊण किलोच्या वर जात असेल तर खाणं वाढवा, हो, वाढवा, फार भरभर उतरवलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. टेपने कंबरही मोजत चला, बायकांना ८० सेंटीमीटरच्या आत हवी. चार-पाच किलो उतरले की गणित नव्याने करा, कारण हलक्या शरीराला कमी लागतं, ६५ किलोला तुमचा खर्च आजच्यापेक्षा नव्वदेक कॅलरीने कमी असेल.

राहता राहिली संकष्टी. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, शंभर ग्रॅमला साडेतीनशे कॅलरी आणि प्रोटीन नावालाही नाही, वर तूप आणि कूट, म्हणजे बशीभर खिचडी तुमच्या दुपारच्या जेवणाच्या बरोबरीला सहज जाते आणि दोन तासांत भूक परत लागते. त्यापेक्षा उकडलेलं रताळं, दही, एक राजगिऱ्याची भाकरी, दुपारी दूध नाहीतर ताक आणि एखादं फळ. चक्कर थांबेपर्यंत निर्जळी वगैरे तर अजिबात नको, सासूबाईंना डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून सांगा. रात्री चंद्रोदयानंतर उपवास सोडताना नेहमीचंच जेवण, दिवसभराचं उट्टं काढायचं नाही, मोदक असतील तर दोन खा आणि वहीत लिहा.